तळ्याभोवतीची वाट

प्रदक्षिणा ही गोष्ट आपणां कोणालाच नवी नाही. देवळाला आपण प्रदक्षिणा घालतो, वडा-पिंपळाला घालतो, आणि नर्मदेची परिक्रमा करणारे तर संसार मागे टाकून निघतात. प्रदक्षिणेचे नियम दोनच. जेथून निघालो तेथेच परत यावयाचे, हा पहिला. आणि मध्ये कोठेही वाट तुटता कामा नये, हा दुसरा. शंकराच्या देवळात सोमसूत्र ओलांडावयाचे नसते, म्हणून तेथे आपण मागे फिरतो. पण तो देवाचा नियम झाला. इतर कोणत्याही देवळामागे उद्या कोणी भिंत घातली आणि "ही जागा माझी" असे म्हटले, तर प्रदक्षिणा संपलीच.

आजचा आमचा विषय अशाच प्रदक्षिणेचा आहे. इंग्लंडच्या वायव्य भागात लेक डिस्ट्रिक्ट, म्हणजे सरोवरांचा प्रदेश, या नावाचा एक डोंगराळ मुलूख आहे. तेथील तळ्यांभोवती व खोऱ्यांभोवती फिरवून पुन्हा मूळ जागी आणून सोडणाऱ्या पायवाटा प्रसिद्ध आहेत. कामगार-संघटनेच्या कामात आयुष्य गेलेल्या माणसाने पगार, बोनस आणि संप यांवर बोलावे. इंग्रजांच्या तळ्यांशी त्याचा काय संबंध, असे कोणाला वाटेल. आम्हांलाही प्रथम तसेच वाटले होते. आमचा एक भाचा मँचेस्टरला नोकरीस आहे. त्याच्याकडे दोन उन्हाळे जाणे झाले, तेव्हा रिकामपणाचा उद्योग म्हणून आम्ही या वाटा पायांखाली घातल्या. चालताना, आणि परत आल्यावर वाचताना, ध्यानात आले की हा विषय आमचाच आहे.

प्रथम प्रदेशाची ओळख करून घेऊ. राष्ट्रीय उद्यान म्हणून त्याची जी हद्द आहे ती सुमारे २,३६० चौरस किलोमीटरांची, म्हणजे आपल्या दोन-तीन तालुक्यांएवढी. त्यातले सर्वांत उंच शिखर स्कॅफेल पाइक. ते साऱ्या इंग्लंडातही सर्वांत उंच. पण त्याची उंची अवघी ९७८ मीटर. आकडा ऐकून सिंहगड चढणारा हसेल. मात्र सिंहगडाचा पायथाच मुळी उंचावर आहे. येथे चढ सुरू होतो तो समुद्रसपाटीपासून थोड्याच उंचीवर. हिमयुगात बर्फाच्या प्रचंड नद्यांनी येथल्या डोंगरांत खोल दऱ्या कोरल्या, आणि बर्फ वितळल्यावर त्या दऱ्यांच्या तळाशी लांबट तळी साठून राहिली. कवी वर्डस्वर्थ याच मुलखातला. त्याने लिहिलेल्या प्रवासवर्णनात या प्रदेशाला चाकाची उपमा दिली आहे. आपल्या बैलगाडीचे चाक डोळ्यांपुढे आणा. मधला तुंबा म्हणजे उंच डोंगरांचा गाभा, आणि त्यातून चहूकडे निघालेले आरे म्हणजे खोरी. जवळजवळ प्रत्येक आऱ्यात एखादे तळे आहे.

पाऊस विचाराल तर तोही भरपूर. बॉरोडेल खोऱ्यातल्या सीथवेट या वाडीवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आपल्या महाबळेश्वराहून हा कमीच; पण आपला पाऊस चार महिन्यांत येऊन जातो, आणि तेथला वर्षभर पाठ सोडीत नाही. म्हणून तेथे जाणाऱ्याने जून महिन्यातही पावसाळी कोट पिशवीत ठेवावा.

आता वाटांकडे वळू. त्यांचे मुख्य प्रकार दोन. एक काठाकाठाने तळ्याला वेढा घालणारी. दुसरी घोड्याच्या नालेसारखी: खोऱ्याच्या तोंडाशी निघायचे, एका बाजूच्या सोंडेवर चढायचे, धारेधारेने खोऱ्याच्या माथ्याला वळसा घालायचा, आणि दुसऱ्या बाजूच्या सोंडेने उतरून पुन्हा तोंडाशी यायचे. दोहोंतही निघण्याची आणि पोहोचण्याची जागा एकच. हे सोयीचे का, ते मोटार असलेल्या माणसाला कळणार नाही असे नाही, पण बसने येणाऱ्याला अधिक चांगले कळते. ज्याला आठवड्यातून एकच दिवस सुटी आहे, त्याला सकाळी जेथे बस सोडते तेथूनच संध्याकाळची बस धरावयाची असते. डोंगरापलीकडे उतरून चालत नाही.

सर्वांत सोपी फेरी बटरमिअर या तळ्याची. सुमारे सात किलोमीटरांची, बहुतेक सपाट. लहान मुलांना घेऊनही दोन-अडीच तासांत होते. तिच्या एका बाजूस काठावरच कातळ आडवा येतो आणि वाट एका छोट्याशा बोगद्यातून जाते. आत अंधार, पायांखाली पाणी, आणि चार पावलांत पुन्हा उजेड. एकोणिसाव्या शतकात तेथे बंगला असलेल्या मँचेस्टरच्या एका गिरणीमालकाने, आपल्याला काठ न सोडता तळ्याभोवती फिरता यावे म्हणून, आपल्या माणसांकडून तो खोदविला अशी तिथली दंतकथा आहे. खरी असो वा नसो, आम्ही तिच्यावर थांबून विचार केला. फिरणाऱ्याची हौस मालकाची, आणि सुरुंगाची पहार दुसऱ्याच्या हातात. आज मात्र त्या बोगद्यातून कोणीही जातो.

दुसरी फेरी ग्रासमिअर आणि रायडल या दोन जोडतळ्यांची, नऊ-दहा किलोमीटरांची. ग्रासमिअर गावात वर्डस्वर्थचे १७९९ ते १८०८ पर्यंतचे लहान घर आहे, आणि रायडलला तो १८१३ पासून १८५० साली मरेपर्यंत राहिला तो मोठा बंगला. दोहोंमधल्या उतारावरून जी वाट जाते तिला तिरडीची वाट म्हणावे. रायडलला प्रेतसंस्काराचा हक्क असलेले देऊळ नव्हते, तेव्हा शवपेट्या खांद्यावरून ग्रासमिअरच्या चर्चपर्यंत न्याव्या लागत. खांदेकऱ्यांनी पेटी टेकविण्याचा सपाट दगड अजून वाटेवर आहे. पलीकडच्या अंगाला डोंगराच्या पोटात एक मोठी गुहा लागते. ती निसर्गाने केलेली नव्हे. ती पाटीच्या दगडाची सोडून दिलेली खाण आहे. म्हणजे ज्याला आज आपण सृष्टिसौंदर्य म्हणून पाहतो, त्यात खांदेकरी, खाणकामगार आणि मेंढपाळ यांची पावले अगोदरच उमटलेली असतात.

नालेच्या आकाराची प्रसिद्ध वाट फेअरफील्डची. अ‍ॅम्बलसाइड गावातून निघून ८७३ मीटर उंचीच्या फेअरफील्ड शिखरावर जायचे आणि दुसऱ्या धारेने उतरायचे. अंतर सुमारे सोळा किलोमीटर, एकूण चढ हजार मीटरांच्या आसपास. अशा वाटेला वेळ किती लागेल याचा एक हिशेब नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली बसवून दिला: दर तीन मैलांस एक तास, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांस आणखी एक तास. सोळा किलोमीटर म्हणजे दहा मैल. त्यांस तीन तास वीस मिनिटे. हजार मीटर म्हणजे सुमारे तेहतीसशे फूट. त्यांस एक तास चाळीस मिनिटे. एकूण पाच तास. जेवण, विसावा आणि आमच्यासारख्याचे गुडघे धरून सात तास समजावे.

आम्ही हा हिशेब केला, पण ढगांचा केला नाही. माथ्यावर पोहोचलो तोच धुके आले. फेअरफील्डचा माथा रुंद, सपाट व दगडगोट्यांचा आहे. उत्तरेकडे मात्र तुटलेले कडे आहेत. दहा पावलांवरचे दिसेना. उतरायची धार कोणती आणि कड्याची बाजू कोणती, याचा काही केल्या उमज पडेना. अर्धा तास बसून काढला, मग होकायंत्र नकाशावर ठेवून पावले मोजीत निघालो. काही वेळाने कोरड्या दगडांचा गडगा लागला, आपल्या कोकणात असतो तसा, आणि त्याच्या कडेकडेने आम्ही सुखरूप खाली आलो. तो कोण्या मजुरांनी मेंढ्यांसाठी रचला. आम्हांला त्याने गावी पोहोचविले. तेव्हापासून होकायंत्र ही शोभेची वस्तू आहे असे आम्ही म्हणत नाही.

चौथी फेरी डर्वेंटवॉटरची, केझिक गावातून निघणारी, सोळा किलोमीटरांची. ज्याचे पाय थकतील त्याच्यासाठी सोय अशी की तळ्यावर फेरीची लाँच चालते व जागोजाग धक्क्यांवर थांबते. अर्धे चालून अर्धे पाण्यावरून परतता येते. दक्षिण टोकाला दलदल आहे, तेथे लाकडी फळ्यांचा लांब साकव घातला आहे. या फेरीतच आम्हांला एक कोडे पडले. गावातून पश्चिमेकडे निघालो तो वाट काही केल्या पाण्याजवळ जाईना. तळे उजेडासारखे झाडांआडून दिसत होते, पण वाट कुंपणांच्या मागून, बंगल्यांना वळसा घालून जात होती. मैल-दीड मैलाने ती काठाला लागली, आणि मग मैलोगणती काठ सुटला नाही. जमिनीची ठेवण दोन्हीकडे सारखीच. मग हा वळसा कशासाठी?

उत्तर भूगोलात नाही, मालकीहक्कात आहे. वाट काठ सोडते तेथे बहुधा खाजगी जमीन असते; आणि जेथे ती काठाला चिकटून जाते तेथे कोणी तरी, केव्हा तरी, तिच्यासाठी भांडलेले किंवा पैसे मोजलेले असतात. विंडरमिअर हे तर इंग्लंडातले सर्वांत मोठे नैसर्गिक तळे. पण त्याला काठाकाठाने पुरी प्रदक्षिणा घालता येत नाही. १८४७ साली तेथवर आगगाडी आली, आणि पाठोपाठ लँकेशरच्या श्रीमंत कारखानदारांचे बंगले पूर्वकाठावर उभे राहिले. ते आजही वाटेच्या आड आहेत.

डर्वेंटवॉटरची हकिगत त्या मानाने सुखाची आहे. १८८७ साली केझिकजवळच्या लॅट्रिग टेकडीवर जाणारी वाट जमीनमालकांनी बंद केली. गावकऱ्यांनी पायवाट-संरक्षणाची संस्था काढली होती. तिच्या पुढाकाराने १ ऑक्टोबर १८८७ रोजी सुमारे दोन हजार माणसे अडसर दूर करून टेकडीवर चढली. मालकांनी कोर्टात खेचले. १८८८ साली तडजोड झाली आणि टेकडीवर जाणारी मुख्य वाट लोकांची राहिली. या लढ्यात कॅनन रॉन्सली नावाचे एक पाद्री होते. त्यांनी, ऑक्टेव्हिया हिल यांनी व रॉबर्ट हंटर यांनी मिळून १८९५ साली नॅशनल ट्रस्ट ही संस्था स्थापिली. हेतू असा की रम्य जागा लोकांच्या वतीने विकत घेऊन त्या कायमच्या मोकळ्या ठेवाव्या. डर्वेंटवॉटरच्या पश्चिम काठावरचे ब्रँडलहाऊ हे १०८ एकरांचे रान संस्थेने १९०२ साली लोकवर्गणीतून घेतले. जेथे आम्हांला काठ पुन्हा सापडला, ते हेच रान. वर्गणी देणाऱ्यांत शेफील्डच्या कारखान्यातला एक कामगारही होता. आपण हे तळे एकदा पाहिले आहे व ते विसरणे शक्य नाही, सोबत्यांनाही मदत करायला सांगतो, असे त्याने कळविले. दुसऱ्या एका वर्गणीदाराने लिहिले की जन्मभर तळी पाहण्याची इच्छा होती, आता ती पाहणे होणार नाही, तरी दुसऱ्यांसाठी ती राखली जावीत. आम्ही संघटनेची वर्गणी गोळा करीत पुष्कळ दारे हिंडलो आहोत; स्वतःला ज्याचा उपभोग नाही त्यासाठी पैसे देणारा माणूस किती दुर्मिळ, हे आम्ही जाणतो.

येथे वर्डस्वर्थची एक विसंगती सांगितली पाहिजे. हा प्रदेश म्हणजे एक प्रकारची राष्ट्राची मालमत्ता आहे, ज्याला पाहण्याची दृष्टी आणि आनंद घेण्याचे अंतःकरण आहे त्या प्रत्येकाचा तिच्यावर हक्क आहे, असा विचार प्रथम त्यानेच मांडला. पण १८४४ साली विंडरमिअरकडे रेल्वे आणण्याची योजना निघाली तेव्हा त्याच कवीने वर्तमानपत्रातून तिला विरोध केला. त्याचे एक कारण असे की कारखान्यांतील मजुरांना एका दिवसाच्या सहलीत या सौंदर्याचा खरा लाभ होणार नाही. त्यासाठी मन तयार असावे लागते. त्याला उत्तर मिळायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. १८९१ साली टी. ए. लेनर्ड या पाद्र्याने लँकेशरमधल्या कोन या गिरणीगावातल्या तरुण कामगारांची एक तुकडी अ‍ॅम्बलसाइडला चालण्याच्या सहलीवर आणली. त्यातून १८९३ साली सहकारी तत्त्वावर सुट्यांची व्यवस्था करणारी संस्था उभी राहिली. त्याच सुमारास, १८९० साली, मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवारची सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने. सुटी नसेल तर वाट असून काय उपयोग? आणि वाट नसेल तर सुटी कोठे घालवायची? दोन्ही मागण्या जोडीने चालल्या पाहिजेत.

मन तयार नसते या म्हणण्याला दुसरे उत्तर म्हणजे आल्फ्रेड वेनराइट. ब्लॅकबर्न या गिरणीगावात १९०७ साली एका पाथरवटाच्या घरी जन्मलेला हा मुलगा तेराव्या वर्षी शाळा सोडून नगरपालिकेच्या कचेरीत लागला. १९३० साली सुटीत त्याने प्रथम ही तळी पाहिली. पुढे तो केंडलला बदलून आला व तेथील नगरपालिकेचा खजिनदार झाला. सुटीच्या दिवशी बसने जायचे, चालायचे, बसने परतायचे, आणि रात्री हिशेबनिसाच्या वळणदार अक्षरात टिपायचे, असा क्रम त्याने तेरा वर्षे चालविला. २१४ डोंगरांची सात पुस्तके १९५५ ते १९६६ या काळात निघाली. त्यांचे पान न् पान हाताने लिहिलेले व रेखाटलेले. १९९१ साली तो वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे बटरमिअरच्या वरच्या हेस्टॅक्स डोंगरावरील एका लहान तळ्याकाठी त्याची रक्षा विखुरली. ज्यांना शाळा अर्ध्यावर सोडावी लागली, अशा आमच्यासारख्यांना या माणसाबद्दल विशेष जवळीक वाटते.

एवढे सांगून थांबलो तर चित्र एकांगी होईल. काही तळ्यांभोवतीची वाट माणसे उठवून झाली आहे. मँचेस्टरच्या नगरपालिकेने १८७९ च्या कायद्याने थर्लमिअरचे खोरे घेतले, बांध घालून तळे वाढविले, आणि १८९४ साली ९६ मैलांच्या नळमार्गाने ते पाणी केवळ उताराच्या बळावर शहरात आणले. त्यात वस्त्या बुडाल्या, आणि नंतर अनेक दशके काठ लोकांना बंद राहिला. हॉझवॉटरच्या धरणासाठी १९३० नंतरच्या दशकात मार्डेल हे गाव बुडाले. तेथील चर्च पाडण्यापूर्वी दफनभूमीतील प्रेते उकरून शॅप येथे नेली. १९८४ आणि १९९५ च्या दुष्काळांत पाणी आटले तेव्हा त्या गावच्या भिंती वर आल्या. शहराला पाणी हवे होते, हे खोटे नाही. ते पाणी गिरणीकामगारही पीत होता. पण मुळशीचा सत्याग्रह १९२१ साली झाला तो ज्या दुःखातून, ते दुःख याच जातीचे. आणि १८९२ साली पुऱ्या झालेल्या तानसा धरणापासून मुंबई ज्या शहापूर तालुक्याचे पाणी पिते, तेथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतात, हे आपण विसरू नये. तळ्याचे सौंदर्य पाहताना त्याच्या तळाशी काय आहे हेही विचारावे.

पुढची हकिगत थोडक्यात. तळ्यांच्या दक्षिणेस, मँचेस्टर आणि शेफील्ड यांच्या मधल्या पीक डिस्ट्रिक्टमध्ये, २४ एप्रिल १९३२ रोजी काही शे तरुण कामगारांनी किंडर स्काउट या शिकारीसाठी राखलेल्या पठारावर जाणूनबुजून प्रवेश केला. पाच जणांना तुरुंगवास झाला. १९३८ साली पगारी सुटीचा कायदा झाला. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला, आणि १९५१ साली लेक डिस्ट्रिक्ट हे राष्ट्रीय उद्यान ठरले. २००० साली आणखी एक कायदा झाला. या सर्वांमुळे आज तेथे चालणाऱ्याचे हक्क तीन प्रकारचे आहेत. एक हक्काची वाट: ती सरकारी नोंदीच्या नकाशावर असते, आणि जमीन कोणाचीही असो, मालकाला ती आपल्या मर्जीने बंद करता येत नाही. दुसरी परवानगीची वाट: ती मालकाच्या सद्भावनेवर चालते, आणि त्याला ती मागे घेता येते. तिसरा मोकळा मुलूख: डोंगरमाथे, माळराने व सामाईक गायराने यांवर पायी कोठेही फिरण्याची मुभा. एकाच फेरीत हे तिन्ही प्रकार लागतात. नकाशा विकत घेणाऱ्याने डोंगर कोठे हे पाहण्याबरोबर हक्क कोठे हेही पाहावे.

हक्काबरोबर ओझेही येते. आज वर्षाला दीड कोटीहून अधिक माणसे तेथे जातात. इतक्या पायांखाली माती टिकत नाही. पाऊस पडला की वाटेचा ओहोळ होतो. म्हणून आता दगड आणून, कधी हेलिकॉप्टरने वर पोहोचवून, वाटा फरसबंद कराव्या लागतात. फाटक उघडे टाकले तर मेंढ्या निसटतात आणि शेतकऱ्याचे नुकसान होते. वाट आपली असली तरी शेत त्याचे आहे. ज्या हक्काने दुसऱ्या कष्टकऱ्याला त्रास होतो तो फार दिवस टिकत नाही.

आता घरी परत येऊ, कारण प्रदक्षिणा म्हटली की परतलेच पाहिजे. आपल्या प्रत्येकाच्या गावाजवळ एखादे तळे, तलाव किंवा धरणाचा जलाशय आहे. कोल्हापूरच्या रंकाळ्याकाठी माणसे रोज फिरतात. पण किती जलाशयांना आज पुरा वेढा घालता येईल? कोठे तारेचे कुंपण, कोठे कोणाचा बंगला, कोठे "प्रवेश बंद" ही पाटी. आपल्या महसूल खात्याच्या गावनकाशावर पायवाटा तुटक रेषेने दाखविलेल्या असतात. शेताकडे जाणाऱ्या वहिवाटीच्या वाटेत कोणी अडथळा केला तर तो दूर करण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याने तहसीलदाराला आहे. परंतु तो शेतकऱ्याच्या गरजेचा कायदा. तळ्याकाठी नुसते फिरू पाहणाऱ्या माणसाचा त्यात विचार नाही. तो विचार आपणच सुरू केला पाहिजे.

म्हणून आमची सूचना अगदी लहान आहे. येत्या एका रविवारी चार-पाच जणांनी मिळून निघावे, बरोबर भाकरी, पाणी आणि गावनकाशाची नक्कल घ्यावी, आणि आपल्या तळ्याला पायी फेरी घालण्याचा प्रयत्न करावा. वाट जेथे तुटेल तेथे नकाशावर खूण करावी, आणि सोमवारी तलाठ्याकडे जाऊन विचारावे की ही जागा कोणाची, आणि केव्हापासून. केझिकच्या लोकांनी याहून वेगळे काही केले नव्हते.